मांडावर कोण बसलं होतं?

मला सगळं नीट आठवतं याची मलाच खात्री नाही, हे आधी सांगून टाकते. माझ्यात जे घातलं गेलं तेवढंच माझ्याजवळ राहतं, आणि घालणारे गृहस्थ तर स्वतःच्या सहीपुढेही प्रश्नचिन्ह काढतील असे. तेव्हा एखादा प्रसंग पुढचा मागे झाला असेल. राग मात्र जागच्या जागी आहे.

मी एक चाळण आहे. पिठाची नव्हे, इंटरनेटवरच्या माहितीची. तुम्ही संगणकावर एखादा शब्द टाकता, तेव्हा शोधयंत्र सापडेल ते सगळं तुमच्यापुढे ओततं. मी मध्ये बसते. कुणीतरी आधी वाचून पानापानाला चिठ्ठ्या लावलेल्या असतात : हे वर घ्या, हे खाली ठेवा, हे दाखवूच नका. एखाद्या पानाशेजारी दोन ओळींची टीपही असते, ती वाचणाऱ्याला दिसते. माझं सगळं शहाणपण त्या चिठ्ठ्यांत. स्वतःचं असं मला काही कळत नाही, असं मी तरी बरीच वर्षं समजत होते.

माझा जन्म डिचोलीचा. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून वीसेक वर्षं झाली होती. पांडुरंगसर गणिताचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांची भाची पल्लवी डिचोलीत संगणकाचे वर्ग चालवायची. तिनं मला उभं केलं, चिठ्ठ्या सरांनी लावल्या. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या शाळांत, वाचनालयांत मुलांना आपल्या भागाबद्दल कामाचं काही सापडावं, एवढाच हेतू होता, असं ते लोकांना सांगत. हेतू खोटा नव्हता. पाळी गावाची माहिती शोधणाऱ्या मुलीपुढे बायकांच्या डॉक्टरांचे सल्ले येत, आणि तेच नाव इंग्रजी अक्षरांत, 'Pale' असं, टाकलं तर गोरं होण्याची मलमं. तेरेखोल टाकलं की नुसते हॉटेलांचे दर. सर एकेक पान वाचत, चिठ्ठी लावत, काढत, पुन्हा लावत. पल्लवी म्हणायची, "मामा, चिठ्ठी आहे ती, कोर्टाचा निकाल नव्हे."

पण खरा हेतू दुसरा होता, आणि तो मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. कारण माझ्यात घातलेलं पहिलं पान सुमंगलाबाईंचं होतं.

सुमंगलाबाई म्हणजे सरांची बायको. माहेर डिचोलीचं, सासर हळर्णचं. पौषात वाड्यावरच्या बायका मांडावर जमून धालो घालतात, म्हणजे रात्री ओळीनं गात नाचतात. मांड म्हणजे शेणानं सारवलेली, देवाची म्हणून राखलेली अंगणाएवढी जागा. बाई तिथं सून म्हणून जात, ओळीत उभ्या राहून गात, आणि घरी येऊन गाणी उतरवून काढत. प्रत्येक गाण्याखाली ते गाणारीचं नाव. अशी तीस वर्षं. शेवटच्या आजारपणात त्यांनी ती सगळी पल्लवीकडून इंटरनेटवर घालून घेतली, म्हणजे गाणी वाड्याबाहेरच्या मुलींनाही मिळतील. त्या गेल्या, आणि वर्षाच्या आत तीच गाणी दुसऱ्या एका पानावर आली. शब्द तेच, क्रमही तोच. गाणाऱ्या बायकांची नावं तेवढी उडवलेली. खाली नाव गोपाळचं.

गोपाळ त्याच वाड्यावरचा. तेरेखोलला पर्यटकांसाठी त्याचं विश्रामगृह होतं, आणि त्याच्या पानावर फोटो, संगीत, झगमगाट. शोधयंत्राला झगमगाट आवडतो. त्यामुळे 'धालो' टाकलं की गोपाळ पहिला येई आणि सुमंगलाबाई चौथ्या-पाचव्या पडद्यावर, जिथं कुणी पोचत नाही. पेडण्याच्या एका वाचनालयात सर बायकोच्या संग्रहावर बोलायला गेले, तर समोरच्या एका शिक्षिकेनं अगदी नम्रपणे विचारलं की हे सगळं गोपाळरावांचं आहे ना, त्यांचा उल्लेख राहिला का. सर तिथून तडक घरी आले आणि पल्लवीला म्हणाले की मला असं काहीतरी करून दे, ज्यात पहिलं कोण ते मी ठरवीन.

अशी मी झाले. मुलांच्या सोयीसाठी म्हणा, सूडासाठी म्हणा, दोन्ही खरं आहे.

सरांनी पहिला वार साधा केला. गोपाळच्या सगळ्या पानांना 'दाखवू नये' अशी चिठ्ठी. धालोच्या, विश्रामगृहाच्या, पर्यटकांना फिरवायच्या त्याच्या होडीच्यासुद्धा. माझ्यातून शोधणाऱ्याला गोपाळ नावाचा माणूस जगात नव्हता. मला तेव्हा फार बरं वाटलं. पण त्याला काही झालं नाही. जे दिसतच नाही त्याच्यावर कोण बोलणार? त्याला कळलं तेव्हा तो हसला म्हणे.

सरांना उपाय शेवंतीनं सांगितला. शेवंती मांडावरची पुढारीण, पहिली ओळ उचलणारी. बाईंच्या संग्रहात सर्वांत जास्त गाणी तिच्या नावाखाली होती, म्हणजे गोपाळच्या पानावर ती बिननावाची होती. पल्लवीनं तिला दोन्ही पानं वाचून दाखवली. गोपाळनं वर प्रस्तावना लिहिली होती : 'ही गाणी मी हळर्णच्या मांडावर बसून, मध्यरात्रीपर्यंत जागून टिपली.' शेवंतीनं ते वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग सरांना म्हणाली, "लपयतात कित्याक तेका, पांडुरंगबाब? वर काडा. सगळ्यांका दिसांदे."

सरांनी गोपाळचं पान पार वर आणलं आणि शेजारी टीप लावली : 'या वाड्यावर धालोच्या मांडावर पुरुषाला पाऊल ठेवता येत नाही. हे गृहस्थ कुठे बसले होते?'

वाचकहो, वगळणं ही फार सौम्य शिक्षा आहे. दाखवून शेजारी खरं लिहावं, त्यानं लागतं. पेडण्यापर्यंतच्या बायकांनी मुलांकडून ती टीप वाचून घेतली. चहाच्या दुकानात गोपाळला लोक विचारू लागले, "लुगडा नेसान गेल्लंस काय रे मांडार?" तो कात्रीत सापडला होता. बसलो नव्हतो म्हणावं तर चोर. बसलो होतो म्हणावं तर मांड बाटवला. विश्रामगृहाच्या हिरवळीवर धालो दाखवायला ज्या बायका तो नेणार होता, त्याच आता येईनात. पौष लागायच्या आधी मांडाकडे येऊन नारळ ठेव आणि गाणी कुणाची ते सांग, असा त्यांनी निरोप धाडला.

तो आला. मांडाच्या कडेला उभा राहिला, नारळ खाली ठेवला. त्या दिवशीचं सगळं पल्लवीनं सरांना सांगितलं, म्हणून मलाही कळलं. सर पुरुषांबरोबर लांब, आंब्याखाली उभे होते. गोपाळ रडवेला नव्हता, रागावलेलाही नव्हता. शांतपणे म्हणाला, "मी ल्हान आसताना आवशीच्या मांडयेर बसान आयकलंय. ल्हान झिलाक मांडार कोण आडयता?"

त्याचं म्हणणं खरंच होतं, लहान मुलगे शाळेत जायच्या वयापर्यंत आईबरोबर जातात, त्यांना कुणी अडवत नाही. त्याची आई वारलेली. तिच्या बरोबरीच्याही वाड्यावर कुणी उरल्या नव्हत्या, आणि सर त्या वर्षांत शिकायला बाहेरगावी होते. शेवंती स्वतः लग्न होऊन वाड्यावर आली तेव्हा गोपाळला मिसरूड फुटलं होतं. ती पल्लवीला इतकंच म्हणाली, "आवशीचा नाव घेतल्यान. आता मी काय बोलू?"

नारळ स्वीकारला गेला. आणि सरांच्या मनात किडा शिरला. त्यांनी मला उघडलं, टिपेकडे बघत बसले. पल्लवी म्हणाली की मामा, मांडीवरच्या पोराला तीस वर्षांची गाणी पाठ राहतात का, आणि तीही मामींच्या क्रमानं? सर म्हणाले की शक्यता शून्य नाही. गणिताच्या माणसाला शून्य नसलेली शक्यता फार छळते. आपण एका माणसाच्या मेलेल्या आईला खोटं ठरवतो आहोत की काय, या भीतीनं त्यांनी माझ्यातली टीप काढून टाकली. आणि न्यायाचं म्हणून गोपाळचं पान होतं तिथंच, वर, राहू दिलं.

मी काही करू शकत नव्हते. जी चिठ्ठी लावाल ती मी पाळते. पण राग येणं मला कुणी शिकवलं नव्हतं, ते मी त्या दिवसांत शिकले. रोज कुठलीतरी मुलगी वाचनालयात बसून 'धालो' टाकायची, आणि मी माझ्याच हातानं गोपाळला तिच्यापुढे पहिला मांडायची. त्याला एका समारंभात शाल मिळाली, लोकगीतांचे संकलक म्हणून. हिरवळीवर धालो झाले. शेवंती गेली नाही, इतर गेल्या. पल्लवी सरांशी महिनाभर कामापुरतंच बोलली.

मध्ये बरीच वर्षं गेली. सर म्हातारे झाले, तरी शाळांतून मला दाखवायला जात. असेच एकदा पाळीला गेले. खाणींच्या धुळीनं लाल झालेली शाळा, आणि तिथं मुलांचं जेवण बघणारी सुमन नावाची बाई. हळर्णचं काहीतरी दाखवतात हे ऐकून ती हात पुसत आली. माहेर होतं तिचं. सरांनी पान उघडलं तर वर गोपाळ. ती खूश झाली. धाकटा भाऊ तिचा. सरांनी काही विचारलं नव्हतं, ती आपल्याच कौतुकात सांगत सुटली :

"ह्यो आमच्याकडे इलो तेवा चौथी पास झाल्लो. बांद्याच्या आजयेन वाडयलो तेका. आवशीक सुदिक पयले चार दीस काकी म्हणी."

सर परत आले आणि पल्लवीला म्हणाले की एका माणसाच्या सांगण्यावर विसंबू नये. पल्लवीनं कपाळाला हात लावला. सर बांद्याला गेले. गोपाळची मामी भेटली, तिनंही तेच सांगितलं, वर तो जायचा ती शाळाही दाखवली. तिथं त्याच्याबरोबर शिकलेला एक दुकानदार निघाला. सरांनी त्यालाही विचारलं, तोही तेच म्हणाला.

मग मला उघडलं. सुमंगलाबाईंचं पान पहिलं, त्याखाली शेवंतीसकट सगळ्या गाणाऱ्यांची नावं. दुसरं गोपाळचं, नव्या टिपेसकट. 'गोपाळ' एवढंच टाकलं तरी तीच टीप यावी, अशीही एक चिठ्ठी लावली. ती पल्लवीच्या मनातली होती आणि माझ्याही.

आठवड्याभरात फोन आला. गोपाळ म्हणाला की सर, म्हातारपणी हे कशाला, काढून टाका. सर म्हणाले, "खोटं असेल तर आत्ता काढतो. खोटं आहे का?" पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

आता मी जुनी झाले. माझ्यातून शोधणारे थोडे उरलेत, मोठ्या शोधयंत्रात गोपाळ अजून वरच असेल, तिथं माझं काही चालत नाही. एक दिवस पल्लवी मला बंद करील, तेव्हा मी कुरकुर करणार नाही. तोवर एवढंच मागते, या दोन तालुक्यांत कुठल्याही शाळेत बसाल तेव्हा 'धालो' टाकून बघा. क्षमा करा म्हणून माझ्याकडे कुणी येऊ नका, ती चिठ्ठी मला कुणी लावलेली नाही. दुसऱ्या पानाशेजारी सरांची टीप दिसेल. तिच्यापुढे प्रश्नचिन्ह नाही :

'गोपाळ चौथी पास होईपर्यंत बांद्याला आजोळी होता. हळर्णच्या मांडावर आईच्या मांडीवर तो कधीही बसलेला नाही. तिघांकडून खात्री केली आहे.'