भल्या वीराचं माप

खिओस बेटावर भल्या वीराच्या ठाण्यापुढे एकच सपाट दगड होता, आणि त्या एकाच दगडावर चोर आणि साव दोघेही नैवेद्य ठेवत. पळून जायच्या बेतात असलेला गुलाम चोरलेल्या मालातला पहिला वाटा गुपचूप वीराला वाहायचा. मालक मंडळी नव्या द्राक्षांचा पहिला घड आणून ठेवायची, की बाबा रे, आमच्या घरात कुणी पळायच्या विचारात असेल तर स्वप्नात येऊन सांग. वीर या दोघांचीही मर्जी कशी राखत असेल, हे मानियाला कधी उमगलं नाही. ती फक्त झाडायची. ती तरुण होती तेव्हाच तिच्या मालकाने, आर्गेइओसने, तिला ठाण्याच्या झाडलोटीला लावलं होतं.

त्या सकाळी दगडाच्या फटीत तिला पानाची पुडी सापडली. आत मस्तकीच्या झाडाच्या महागड्या डिंकाचे चार खडे होते, साफ केलेले, कोठारातले. पुडी गवताच्या काडीने बांधली होती आणि गाठ उलटी होती. उलटी गाठ बांधणारं डावखुरं माणूस त्या मळ्यात एकच होतं, आणि ते तिच्या पोटचं होतं. मानिया झाडू टाकून खालीच बसली. तिबियोस पळणार होता.

कुठे पळणार, हे विचारायची गरज नव्हती. त्या बेटावरचा गुलाम पळाला की डोंगरात जायचा, कारण हयात असताना वीर डोंगरात राहत असे. द्रिमाकोस त्याचं नाव. तोही पळालेला गुलाम. त्याने डोंगरात आपल्यासारख्यांचं राज्य उभं केलं, शहराच्या फौजेला दमवलं आणि शेवटी मालकांशीच करार केला. गुलामांच्या चुलीपाशी तो ताडाएवढा उंच होता, एका आरोळीत फौज पळवायचा आणि दारात आलेल्या कुणालाही माघारी धाडायचा नाही. मालकांच्या पंगतीत तो हिशेबी आणि शब्दाला जागणारा होता: कोठारातून गरजेपुरतंच स्वतःच्या मापाने मोजून न्यायचा आणि उरलेल्यावर आपली मोहोर उठवून जायचा, म्हणजे दुसऱ्याने हात लावू नये. म्हातारपणी त्याने आपल्या लाडक्या पोराला सांगितलं, माझं डोकं काप, शहराने लावलेलं बक्षीस घे आणि मोकळा हो. यावर मात्र दोन्हीकडे एकमत होतं. तो गेल्यावर भुरट्या चोऱ्या एवढ्या वाढल्या, की मालकांनाच त्याची आठवण येऊ लागली आणि त्यांनीच हे ठाणं बांधलं. जिवंत होता तेव्हा डोक्यावर बक्षीस, मेल्यावर डोक्यावर फुलं.

मानियाची आई त्याला भेटली होती. पण आईने जे सांगितलं ते यांतल्या कुठल्याच गोष्टीत नव्हतं.

ती अजून बसलेलीच होती, तोच आर्गेइओस मालक चढण चढून आला. हातात मधाची पोळी, डोळे तारवटलेले. माणूस क्रूर नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्या माणसाकडून क्रौर्य फार सहज घडतं, हे मानियाला त्याच्या बापाच्या वेळेपासून ठाऊक होतं. त्याने सांगितलं, की वीर स्वप्नात आला होता. दरवाजाएवढा उंच, खांद्यावर कातडं. काही बोलला नाही, फक्त एका माणसाकडे बोट दाखवलं. चेहरा दिसला नाही, पाय तेवढे दिसले, लालभडक.

"मालक," मानिया म्हणाली, "आत्ता द्राक्षं तुडवायचे दिवस. अख्ख्या मळ्यात लाल पाय नाहीत असं कोण आहे? तुमचेसुद्धा लालच आहेत."

आर्गेइओसने खाली पाहिलं आणि पाय अंगरख्याखाली ओढून घेतले. रात्री त्याने दोन माणसांचं कालवण खाल्लं होतं, असं स्वयंपाकी गेता सकाळीच सांगत फिरत होता. पण मालकाच्या पोटातलं बोलायची सोय नव्हती. कोठारातला डिंक कमी भरला होता, तो विषय मात्र मालकाने स्वतःहून काढला. म्हणजे दिवसा खुपलेलं रात्री दिसलं होतं. आजवरच्या सगळ्या मालकांची स्वप्नं अशीच होती; डोळ्यांत सलणाऱ्या गुलामाकडेच वीर बोट दाखवायचा. या वेळी ते बोट बरोबर माणसावर पडायला आलं होतं, एवढाच फरक.

बंदरात खाणींसाठी माणसं विकत घेणाऱ्याचं जहाज लागलं होतं. ते परवा निघणार. आज पुन्हा वीराला कौल लावतो, मालक म्हणाला, आणि तो ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याला उद्याच जहाजावर चढवतो.

"दारू पिऊन झोपलं की वीर धड दिसत नाही," मानिया म्हणाली. "आज पाण्यावर राहा, मालक. आणि तो आला तर चेहरा नीट बघून घ्या."

त्याने मान डोलावली. निदान एक रात्र मिळाली.

दुपारी सगळे सावलीत आडवे झाले, तेव्हा तिला तिबियोस द्राक्षांच्या कुंडापाशी सापडला. गुडघ्यांपर्यंत लाल, हातात भाकरीचा तुकडा. तिने पुडी त्याच्यापुढे धरली. तो नाही म्हणाला नाही.

"डोंगरात जाणार?"

"वीराकडे," तो म्हणाला. "त्याची माणसं अजून वर आहेत, आई. शेकोट्या दिसतात."

"त्या धनगरांच्या."

"तुला काय ठाऊक?"

तिला ठाऊक होतं. तरुणपणी औषधाचा पाला आणायला ती पार वर जाऊन आली होती. ढासळलेल्या दोन भिंती, शेळ्यांच्या लेंड्या, आणि वारा. पण पोराचा चेहरा असा होता, की शेळ्यांच्या लेंड्यांनी तो विझला नसता. त्यासाठी दुसरंच काही सांगावं लागणार होतं, जे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तिने सांगितलं, की तुझी आजी पळाली होती. मी तिच्या पोटात होते. काट्याकुट्यांतून चढून ती वर पोचली. वीर ताडाएवढा नव्हता. बुटका होता, पुढचे दात पडलेले, उकिडवा बसून सातू मोजत होता. वर येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच विचारायचा: तुझ्यावर काय गुदरलं? सांगणं पटलं तर ठेवून घ्यायचा. नाही पटलं तर धन्याकडे परत पाठवायचा. करारच तसा होता.

"मग आजीने काय सांगितलं?"

"काही नाही. थोरला मालक तिच्या खोपटात येत असे. हे भोवती जमलेल्या एवढ्या पुरुषांसमोर तिने कुठल्या तोंडाने सांगावं? ती म्हणाली, कामाचा त्रास होतो. तो म्हणाला, बाई, तो सगळ्यांनाच होतो. आणि दोन माणसं सोबत देऊन तिला खाली पाठवली. वाटेत जपून न्या, असंही बजावलं म्हणे."

आर्गेइओसच्या बापाचं रक्त आपल्यातही आहे, हे तिबियोसच्या ध्यानात आलं की नाही, ते त्याच्या तोंडावरून कळेना.

"म्हणजे तो मालकांचाच होता," तो म्हणाला.

"नव्हता रे. त्याने कितीकांना वाचवलं. माप खरं होतं त्याचं. पण माझ्या आईचं दुःख त्या मापात मावेना, त्याला तो काय करणार?"

"हे मला आत्ता सांगतेस? मी लहानपणापासून त्याच्या नावाने दिवस काढले."

"तुझे दिवस निघत होते, म्हणूनच नाही सांगितलं."

त्याने भाकरी कुंडाच्या काठावर ठेवली. "मग मी जाऊ कुणाकडे?"

मानियाने ते सकाळीच बंदरात जाऊन ठरवलं होतं. समोरच्या किनाऱ्यावरचा एक कुंभार नव्या दारूसाठी रिकामे रांजण घेऊन आला होता आणि ऊन उतरलं की परतणार होता. कोठारातल्या डिंकापायी तो एका माणसाला उरलेल्या रांजणात बसवून न्यायला तयार झाला होता.

"तिकडे कोण आहे आपलं?"

"कुणी नाही. वीरही नाही. म्हणूनच तिकडे कुणी शोधणार नाही."

डिंक त्याने आणखीही लपवला होता, तो तिने कुंभारासाठी बरोबर नेऊ दिला. वीराचा वाटा मात्र तिने दगडावर परत ठेवला. का ठेवला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिबियोस हजेरीला नव्हता. मुकादमाने आधी मानियाला झोडपलं. त्या माराचं वर्णन करण्यात अर्थ नाही. तिथे सगळ्यांनीच तो खाल्ला होता. मग आर्गेइओस आला आणि तिला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारू लागला, की वीर रात्री आला नाही, पाणी पिऊन झोपलो तरी आला नाही, याचा अर्थ काय.

मानियाच्या ओठातून रक्त येत होतं. ते पुसून तिने त्याला हवा तसा वीर दिला. दरवाजाएवढा उंच, खांद्यावर कातडं. म्हणाली, "तो माझ्याकडे आला होता, मालक. बोट वर डोंगराकडे होतं." आर्गेइओसचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतका, की तिला क्षणभर त्याची दया आली. बापाच्या पापाची याला खबरही नव्हती. मालक, मुकादम आणि कुत्री, सगळे डोंगर चढू लागले. ते काही दिवसांनी परतले तेव्हा मालकाच्या पायांना फोड आले होते, आणि एका धनगराशी त्याचं कायमचं वैर झालं होतं.

तिबियोस पोचला की बुडाला, हे तिला कळलं नाही. कुंभार पुन्हा त्या बंदरात आला नाही.

पुढच्या हंगामात कुंडात उतरल्यावर बायका बोलू लागल्या. सुरुवात गेताने केली होती. तिबियोस वर आहे, तो वीराच्या उजव्या हाताला बसतो, त्याने एका आरोळीत मालकाची कुत्री उलटी पळवली. तिबियोस कुत्र्यांना एवढा घाबरायचा, की मळ्याच्या फाटकातून जाताना आईच्या पदराआड व्हायचा. मानिया तुडवत राहिली. स्वतःच्या आईबद्दल जे कधी कुणी बोललं नाही आणि पोराबद्दल जे आता सगळे बोलत होते, या दोन्हींच्या मधे ती उभी होती, आणि काठावर मुकादम कान देऊन उभा होता.

"अगं मानिया," त्यातली एक म्हणाली, "तू तर त्याची आई. जाताना काय म्हणाला तो? काहीतरी म्हणाला असेल."

जाताना रांजणात शिरून तो एवढंच म्हणाला होता, की होडी फार हलतेय, आई, मला ओकारी येणार.

मानियाने मुकादमाकडे पाहिलं नाही. "म्हणाला," ती म्हणाली, "की वर आलेल्या कुणाला मी काही विचारणार नाही. आणि कुणाला परत पाठवणार नाही."

कुंडातले पाय थांबले. मग हळूहळू पुन्हा सुरू झाले. संध्याकाळी ती परत निघाली, तेव्हा तेच वाक्य शेजारच्या मळ्यातल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, आणि त्यांच्या तोंडी ते तिच्यापेक्षा चांगलं वाटत होतं.