झाकणाच्या आतलं वाक्य

बेल वाजली आणि दाराबाहेरून आईची हाक आली तशी टिटवीने हातातला खोका उपडा केला आणि त्याच्यावर डिंकाची बाटली ठेवली. मग तिच्या लक्षात आलं की असे आणखी दोनशे नऊ खोके आहेत, आणि डिंकाची बाटली एकच आहे.

“वहिनी आली बघ,” आत्या आतल्या खोलीतून म्हणाली. “दार उघड.”

दारात आई उभी होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडूनच आली होती, म्हणजे कामाला लागायच्या तयारीने. खोके भरायला येणाऱ्या दोघींपैकी एकीच्या मुलाला ताप भरला होता, दुसरी बहिणीकडे गेली होती, आणि कुरिअरची गाडी चारला येणार होती. म्हणून आत्याने सकाळीच वहिनीला फोन केला होता. हे टिटवीला सांगावं असं मात्र कुणालाच वाटलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने आजारी पडायची काहीतरी सोय केली असती.

‘दोघांपुरतं’ हा आत्याचा उद्योग. नवरा-बायकोंसाठी महिन्याला एक खोका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचे, खोका उघडायचा आणि त्यात निघेल ते करत एक संध्याकाळ एकमेकांबरोबर काढायची. आत एक मेणबत्ती, दोघांनी मिळून जुळवायचं लाकडी कोडं, दोन कपांपुरती चॉकलेटची पूड आणि बारा चिठ्ठ्या. पूर्वी चिठ्ठ्या आत्या स्वतः लिहायची. ‘जोडीदाराचे तीन गुण सांगा’ असल्या. एका वर्गणीदार बाईंनी कळवलं होतं की ही चिठ्ठी वाचून आमच्या ह्यांनी पास व्हायला किती लागतात असं विचारलं. त्यानंतर आत्याने वही टिटवीकडे सरकवली. “तू निबंधात पानंच्या पानं भरतेस ना, मग भर इथे.”

टिटवीने भरली. तिचं हे नाव तिसऱ्या वर्षीच पडलं होतं, कारण ती बोलायची थांबत नसे. आता त्या बोलण्याला कामही मिळालं. सहा महिन्यांत वर्गणीदार वाढले, आत्या तिला ‘संपादकबाई’ म्हणायला लागली, आणि शाळेत शेवटच्या बाकावरून ती आपोआप दुसऱ्या बाकावर आली. कुणी काही विचारलं की ती हात वर करायच्या आधीच उत्तर द्यायची. दहावीच्या वर्षात इतकी मजा असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आत्याचा नियम एकच होता. चिठ्ठी घरातून आली पाहिजे, डोक्यातून नाही. त्यामुळे टिटवी माणसं बघत हिंडायची. शेजारचे आजी-आजोबा एकाच वर्तमानपत्राची पानं कशी वाटून घेतात, शाळेच्या फाटकाशी गणिताच्या बाई नवऱ्याच्या स्कूटरवर बसताना आधी हेल्मेट कुणाचं नीट करतात. महिन्यातली सगळ्यांत चांगली चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापली जायची. खोका उघडला की पहिली तीच दिसे.

या महिन्याची अशी होती:

‘बायको म्हणजे कपाट नाही. आज संध्याकाळपुरता एक प्रश्न बंद: “कुठे ठेवलंय?” जो विचारेल त्याने त्याच्याऐवजी दुसरा कुठलाही प्रश्न विचारायचा. सुचेपर्यंत चॉकलेट मिळणार नाही.’

“आई, तू रिबिनी बांध,” टिटवी घाईने म्हणाली आणि खुर्ची टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ओढली. “बसून करायचं काम आहे. तुझी कंबर दुखते ना.”

“माझी कंबर कधी दुखली?”

“दुखेल ना मग.”

आईने तिच्याकडे जरा बघितलं आणि ती रिबिनी घेऊन बसली. टिटवी खोके घडी घालून उभे करत होती, आत सामान लावत होती आणि झाकण बंद करूनच पुढे सरकवत होती. वीस-पंचवीस खोके असेच गेले. तिला वाटलं, जमतंय. चारपर्यंत आपण एकटीने झाकणं लावली तर आईला फक्त पाठी दिसतील. पाठीवर नुसतं ‘दोघांपुरतं’ आणि दोन कप. ती इतक्या वेगाने हात चालवत होती की दोनदा मेणबत्तीच विसरली.

ती गोष्ट अशी घडली होती. दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी आई टिटवीचे केस कापत होती. टिटवी स्टुलावर, खांद्याभोवती जुनी चादर, आई मागे. बाबांनी बाहेरून चष्मा कुठे आहे ते विचारलं, मग छत्री, मग विजेचं बिल. आईने तिन्ही जागा सांगितल्या, कात्री न थांबवता. मग ती हसली आणि टिटवीच्या मानेशी बोलल्यासारखं म्हणाली, की तुझे बाबा वाईट नाहीत गं, पण लग्न झाल्यापासून मला एकच प्रश्न विचारतात. कधीकधी वाटतं, मी माणूस नाहीच, कपाट आहे. त्यानंतर कात्री थांबली. बराच वेळ थांबली. टिटवीने वळायचा प्रयत्न केला तर आईने तिचं डोकं दोन्ही हातांनी परत सरळ केलं. “हलू नकोस,” ती म्हणाली. “वाकडे कापले जातील.”

रात्री झोपायच्या आधीच टिटवीने ते वहीत उतरवलं होतं. तेव्हा तिला वाईट वाटलं होतं, हे खरं. पण लिहिता लिहिता वाक्य इतकं झकास जमलं की वाईट वाटणं मध्येच कुठेतरी राहून गेलं.

आत्या ते वाचून खुर्चीतून घसरायची बाकी राहिली होती. हे अगदी आमच्या दादाचं चित्र आहे, असं म्हणून तिने डोळे पुसले आणि टिटवीला विचारलं, कुठून सुचतं गं तुला. टिटवी म्हणाली होती, “असंच.”

“अगं संपादकबाई, किती हळू,” आत्या आतून मेणबत्त्यांचं खोकं घेऊन आली. घड्याळाकडे बघून तिने कपाळाला हात लावला. “हे असं नाही व्हायचं. वहिनी, तुझा हात भरभर चालतो. तू घड्या घाल, ही रिबिनी बांधेल.”

“नको, मी घालते ना,” टिटवी म्हणाली.

“आणि वहिनी, तू वाचलंस का हे?” आत्याने एक खोका उचलला आणि झाकण उघडून आईसमोर धरलं. “तुझ्या लेकीचं आहे. आजवरचं सगळ्यांत बेस्ट.”

आईने वाचलं. तीन ओळी वाचायला जितका वेळ लागतो तितकाच तिने घेतला. मग खोका हातात घेऊन तिने झाकणाची कड बोटाने दाबून सरळ केली. ती आधीच सरळ होती.

“दादाची आठवण आली की नाही?” आत्या म्हणाली.

“असतातच असे,” आई म्हणाली.

“मी तर हिला म्हटलं, तू आमच्या दादाच्या मागेमागे वही घेऊन फिरतेस वाटतं. सांग ना वहिनीला, कसं सुचलं ते.”

टिटवीच्या हातात रिबिनीचं एक टोक होतं. खरं सांगावं तर आत्याला कळणार की हा विनोद नव्हता, तिची वहिनी खरंच असं म्हणाली होती, कापलेल्या केसांत उभी राहून. ते याच्याहून वाईट. आणि गप्प बसावं तर ते वाक्य टिटवीचंच राहणार होतं, शाबासकीसकट. दोन्हीकडून तीच चोर.

“असंच,” ती म्हणाली.

आईने मान वर केली नाही. “हुशार आहे,” ती म्हणाली. “ताई, किती खोके राहिलेत?”

आत्याने सांगितलं, एकशे ऐंशीच्या वर. दादाला एक खोका घरी नेऊन दे, गंमत होईल, असंही ती म्हणाली. घरात आधीच खूप पसारा आहे, असं आईने उत्तर दिलं आणि ती घड्या घालायला लागली.

आईचा हात खरंच भरभर चालत होता. पुठ्ठा उचलायचा, चार बाजू आत मोडायच्या, तळाची जीभ खाचेत सरकवायची, झाकण उघडं ठेवून सामान लावायचं. प्रत्येक वेळी झाकण तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं. पाचव्या-सहाव्या खोक्यानंतर तिने आतला पातळ कागद सामानावर न पसरता जरा वर ओढला, झाकणापर्यंत, आणि मग झाकण मिटलं.

“कागद वर नको, वहिनी,” आत्या सहज म्हणाली. “मजकूर झाकला जातो.”

“बरं,” आई म्हणाली. झाकण उघडून तिने कागद खाली केला, आणि पुढच्या सगळ्या खोक्यांत तो बरोबर खालीच ठेवला.

आत्या फोनवर बोलायला गॅलरीत गेली तेव्हा टिटवी तिच्या मागे गेली. फोन संपेपर्यंत कुंड्यांजवळ उभी राहिली आणि मग हळूच विचारलं, की या महिन्याचा मजकूर बदलता येणार नाही का, वरून दुसरा कागद चिकटवून वगैरे. आत्याने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. छापून झालंय, गाडी निघालीये, आणि मुळात बदलायचं कशाला. मोठ्या लेखकांनाही असंच होतं म्हणे, छापून आलं की लाज वाटते. टिटवी परत आली तेव्हा आईने तिच्या वाट्याच्या रिबिनीही बांधायला घेतल्या होत्या.

गाडी चार वाजून दहा मिनिटांनी आली. सगळे खोके वेळेत झाले.

घरी जाताना आई तिच्याशी नेहमीसारखं बोलली. खरं तर नेहमीपेक्षा जास्तच. भूगोलाची वही पूर्ण झाली का, बूट चावतात का, उद्या गरम कपडे घालून जा. आईने रागवावं म्हणून टिटवी वाट बघत होती. राग आला असता तर रडता आलं असतं. पण आई एखाद्या ओळखीच्या मुलीशी बोलावं तसं बोलत होती, मध्ये थांबून समोरची गाडी जाऊ देत, पुन्हा सुरू करत. त्यात एकही गोष्ट अशी नव्हती जी वहीत लिहावीशी वाटेल.

औषधांच्या दुकानाजवळ टिटवी थांबली.

“आई, मला तुला एक सांगायचंय.”

“चालता चालता सांग.”

मग टिटवीने सांगितलं. शाळेच्या संघातला जो गोलकीपर आहे, त्याला तिने दिवाळं निघावं तसं सगळं मन ओतून पत्र लिहिलं होतं, चार पानी. त्याने ते वाचलं, परत आणून दिलं आणि म्हणाला, तू काय भारी लिहितेस. मला असंच एक लिहून दे ना, तुझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीला द्यायचंय.

आई चालत राहिली. “मग?”

“दिलं लिहून.”

“दिलंस?”

“हो.” टिटवीचा आवाज अगदी बारीक झाला. “आता ती दोघं मधल्या सुट्टीत एकत्र बसतात. ती मला पत्र वाचून दाखवते. कुणाला माहीत नाही.”

हे सांगून आपण आईला काय देतोय, हे तिचं तिलाही नीट कळत नव्हतं. पण तिच्याजवळ एवढंच होतं, लोकांनी पोट धरून हसावं असं.

आई हसली नाही. पुढच्या वळणावर तिने विचारलं, “दुसरं पत्र पहिल्यापेक्षा चांगलं झालं होतं?”

“खूपच.”

“हं,” आई म्हणाली.

संध्याकाळी आई भांडी घासत होती आणि टिटवी शेजारी उभी राहून ती पुसत होती, तेवढ्यात आत्याचा फोन आला. आईचे हात साबणाचे, म्हणून टिटवीने स्पीकर लावून फोन खिडकीत ठेवला. खोके गेले, आभार, वहिनी तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं, असं सगळं झालं. मग आत्या म्हणाली, “आणि टिटवी आज इतकी गप्प का होती गं? मुलगा-बिलगा आहे वाटतं कुणीतरी. काढून घे तिच्याकडून आणि मला सांग. पुढच्या महिन्याला माझ्याकडे झाकणावर टाकायला काहीच नाहीये.”

टिटवीच्या हातातली बशी हातातच राहिली.

आईने नळ बारीक केला. फोनकडे बघितलं, टिटवीकडे नाही.

“नाही ताई,” ती म्हणाली. “तिचं असं काही नाही. असतं तर मला सांगितलं असतं तिने.”

आत्या म्हणाली, मग ठीक आहे, आणि दुसऱ्याच कुठल्या गोष्टीकडे वळली. आईने हातातलं पातेलं विसळलं आणि टिटवीपुढे धरलं. ते घेताना टिटवीला मान वर करता आली नाही.