तनुजाला मारलं तेव्हा

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी विचारायला नको की बाई गं, तू वेळेवर तोंड का उघडलं नाहीस.

घोड्यांची जत्रा उठली आणि सारंगखेड्यापासून पाच-सहा किलोमीटरवर, तापीकाठच्या पांढरीवर आमचं उत्खनन सुरू झालं. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. माझं काम खापरांची चित्रं काढायचं. दिवसभर उन्हात बसायचं आणि कुणाच्या तरी फुटक्या मडक्यांचे काठ मोजायचे. आमचे प्रमुख उमाकांत सर पुण्याचे, छपन्न वर्षांचे, ॲसिडिटीने बेजार. ह्यात कुणाला प्रेमकथा सुचेल? मला सुचली. नसती उठाठेव, दुसरं काय!

मोबाइलवर गोष्टी ऐकवणारं एक ॲप आहे. त्यावर मी 'मृण्मयी' ह्या टोपणनावाने कादंबरी देत होते. दर शुक्रवारी मी एक भाग लिहून टाकायचे, आणि मागाहून एक बाई तो मधाळ आवाजात वाचायची. उत्खननावर मजुरीला येणारी तनुजा आणि पुण्याहून आलेला तरणाबांड साहेब. साहेब मी मनाने रचला. तनुजा रचायची गरजच पडली नाही, ती रोज माझ्यासमोर ट्रेंचमध्ये बसलेली असायची.

तिचं खरं नाव रुपा. तिशीची, गावातल्या भाईदासची बायको. खुरपी इतकी हलकी चालवायची की सर दुसऱ्या कुणाला नाजूक जागी हात लावू द्यायचे नाहीत. हाडाचा तुकडा आहे की दगड, असा प्रश्न पडला की आम्ही तो जिभेला लावतो. जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. आम्ही शिकलेले लोक त्यातही चुकायचो, रुपा नाही. तुकडा पदराला पुसायची, डोळे मिटायची, जिभेचं टोक लावायची आणि म्हणायची, "हाडूक शे. गंज जुनं." म्हणजे हाड आहे, खूप जुनं.

मी ते जसंच्या तसं उचललं. तिच्या मनगटावर गोंदलेला विंचूसुद्धा उचलला. तेराव्या भागात तनुजाने हाड जिभेला लावलं आणि साहेब घायाळ झाला. चौदाव्या भागात, भर दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, ट्रेंचच्या तळाशी... जाऊ दे. लोकांना फार आवडलं.

त्यानंतरच्या सोमवारी मजूर बायका गप्प होत्या. एरवी ह्यांच्या बडबडीने माझं डोकं उठतं. मी पाणी प्यायला गेले, तर त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी छबूबाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, रुपानं नाव गावभर व्हई ऱ्हायनं. डेअरीवर मोबाइलमां गोष्ट लावतस. ती बाई हाडूक चाटस, हातवर इच्चू शे. दुसरी कोन शे मंग?"

साहेब कोण, हे शोधायची तसदी गावाने घेतलीच नव्हती. बाईचं नाव मिळालं की गावाला पुरतं.

अकराच्या सुमाराला भाईदास आला. कधी न येणारा माणूस. ट्रेंचच्या काठावर बसला आणि कुऱ्हाड मांडीवर आडवी ठेवली. बाभळी तोडायला निघालोय म्हणाला, पण चारपर्यंत उठला नाही. खाली नऊ फुटांवर रुपा माती काढत होती. तिने एकदाही वर पाहिलं नाही. माझी तर पाचावर धारण बसली होती. एकाच खापराचा काठ मी तीन-तीनदा मोजत होते.

जाताना तो माझ्या टेबलाशी थांबला. "ताई, तुम्ही शिकेल शेतस. हाई गोष्ट कोन लिखस?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं.

एवढंच बोलले मी. एवढंच बोलायला किती वेळ लागतो? मंगळवारी रुपा आली नाही. बुधवारीही नाही. सर म्हणाले, आजारी असेल. छबूबाईने सांगितलं की तिच्या घराला बाहेरून कडी आहे आणि भाईदास ओट्यावर बसून आहे.

सरांना सांगावं, पोलिसांना फोन करावा, सगळं मनात आलं. पण मग चौदावा भाग कुणी लिहिला तेही सांगावं लागणार. माझे वडील शहाद्याला शिक्षक. मे महिन्यात माझं लग्न. सासरचे लोक पापडसुद्धा मोजून तळणारे, त्यांच्या हाती हा भाग लागला तर संपलंच. असा मी माझाच विचार दोन दिवस करत बसले. लाज वाटते सांगायला, पण केला.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेले. भाईदास ओट्यावर खाटेवर बसला होता, कुऱ्हाड भिंतीला टेकवलेली. दाराला कडी. आत काहीही हालचाल ऐकू येत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"दादा, ती गोष्ट मी लिहिली," मी म्हटलं. "सगळी खोटी आहे. रुपाचा काही दोष नाही."

मला वाटलं, ओरडेल. तो ओरडला नाही.

"खापर खरं," तो म्हणाला. "खड्डा खरा. जीभ खरी, इच्चू खरा. इतलं समदं खरं लिखं तुम्ही. मंग तितलंच खोटं कसं?"

कादंबरी खरी वाटावी म्हणून मीच तर मरमर मेहनत केली होती. शपथ घातली, देवाचं नाव घेतलं, रडलेसुद्धा. तो नुसता मान हलवत होता.

मग म्हणाला, "ती बाईले मारी टाका."

माझी नजर कुऱ्हाडीवर गेली.

"गोष्टमधली," तो म्हणाला. "पुढला भागमां मारी टाका. ती मरी गई आनि मन्ही रुपा जित्ती शे, म्हंजे ती रुपा नही. डेअरीवाल्यास्ले मी सांगसू. आते लिखा. आठेच."

मी काही बोलणार, तेवढ्यात दाराच्या आतून आवाज आला. अगदी जवळून, ती दाराला टेकूनच बसली असणार.

"लिखी टाका, ताई. ती मरी तर मी सुटसू."

मी तिथेच ओट्यावर बसले आणि मोबाइल काढला. चुकीचीच अक्षरं उमटत होती. ट्रेंचची कड कोसळते, असं लिहिलं. तनुजा वर पाहते, किंचाळते, साहेबाला हाक मारते. भाईदासने मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं.

"तसं नही व्हत," आतून रुपा म्हणाली. "कड पडस तव्हय वर देखाले टाइम नही ऱ्हास. माती पहिले गुडघावर येस, मंग छातीवर. हाक नही मारता येत."

मी खोडलं आणि तिने सांगितलं तसं लिहिलं. गुडघे, छाती, तोंडात माती. साहेबाला कळलंच नाही. पुन्हा वाचून दाखवलं. भाईदासने दोन्ही वेळा डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "टाका." मी शुक्रवारची वाट न पाहता भाग टाकला. पाच मिनिटांत पहिली प्रतिक्रिया आली, रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्याने ती बघितली, समाधान झाल्यासारखा उठला आणि कडी काढली.

रुपा बाहेर आली. तिचा खालचा ओठ सुजून काळानिळा झाला होता. एक डोळा अर्धाच उघडत होता. भाईदास कुऱ्हाड उचलून डेअरीच्या दिशेने चालू लागला, वळूनही न बघता.

"चल माझ्याबरोबर," मी म्हटलं. "आत्ताच. सारंगखेड्याच्या दवाखान्यात जाऊ, मग पोलिसात. मी सगळं सांगते, माझ्या नावानिशी सांगते."

तिने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ती माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "तिले गंज दुखनं का?"