तलासरीचा लाइन क्लिअर

सुदाम टेबलाखाली उताणा पडून तार सोलत होता आणि वर नविनभाई हसत होते. ते हसणं सुदामच्या ओळखीचं होतं. स्टेशन मास्तर असताना वरचे साहेब तपासणीला आले की नविनभाई असे तोंडभर हसत. सुदामच्या विनोदांना मात्र त्यांनी आजवर नाकातून थोडी हवा सोडण्यापलीकडे काही दिलं नव्हतं.

"खरं सांगू का काका," वरून मिथुनचा आवाज आला, "एवढ्या तारांची आता गरजच नाही. दोन पुरतील. बाकी सगळं मोबाइलवर."

"दोनच? ऐकलंस का रे सुदाम? दोनच म्हणतो!"

सुदामने ऐकलं होतं. त्याच्या नाकासमोरून तारांची जाड जुडी गेली होती, लाल, पिवळ्या, काळ्या, हिरव्या. प्रत्येक वळणावर ती मेणाच्या दोऱ्याने आवळलेली आणि कुठे एक तार दुसरीवर चढलेली नाही. रेल्वेच्या सिग्नल खात्यात उभी हयात त्याने असंच काम केलं होतं. पण येणारेजाणारे टेबलावरच्या छोट्या रेल्वेचे डोंगर बघत, खाली वाकून कोण बघतं? दातात धरलेला तारेचा तुकडा त्याने थुंकला आणि मिथुनच्या मोबाइलवर चालणाऱ्या नव्या डब्याची दोन टोकं मुकाट्याने जागेवर कसली.

खोली नविनभाईंच्या माडीवर होती. पूर्वी तिथे वाडीतले चिकू पिकत घालत, त्याचा गोडसर वास अजून भिंतींना होता. निवृत्तीनंतर दोघांनी तिथे मोठं टेबल घातलं आणि डहाणू–तलासरी रेल्वे सुरू केली. खऱ्या जगात तलासरीला रेल्वे जात नाही. ती डहाणूवरून समुद्राच्या कडेकडेने गुजरातेत निघून जाते आणि तलासरीच्या माणसाला जीपमध्ये अंग चोरून बसावं लागतं. सुदाम तलासरीचाच. "सरकार देईल तेव्हा देईल मास्तर, आपण देऊन टाकू," असं म्हणून त्यानेच रूळ तिकडे वळवला होता.

टेबलाच्या एका टोकाला डहाणू आणि नविनभाईंची खुर्ची, दुसऱ्या टोकाला तलासरी आणि सुदामची. गाडी पळवायला दोघांकडे एकेक कंट्रोलर. रूळ मात्र सलग नव्हता, बारीक फटी ठेवून त्याचे तुकडे केले होते, आणि प्रत्येक तुकड्याचा एक खटका सुदामपुढच्या फळीवर होता. खटका डावीकडे टाकला की त्या तुकड्यात नविनभाईंच्या कंट्रोलरची वीज, उजवीकडे टाकला की सुदामच्या. घाटाच्या तोंडाशी हद्द बदलायची. तिथे नविनभाई गाडी थांबवत आणि घंटीचं बटण दाबत, टण्. लाइन क्लिअर आहे का? सुदाम घाटाचा खटका उजवीकडे टाकी, उलट टण् देई आणि मगच गाडी त्याच्या हद्दीत शिरे. नोकरीत दोघांनी असंच केलं होतं, आणि टेबल आहे म्हणून नियम सोडायचा, हे त्यांच्या डोक्यातही येत नसे. रविवारची दुपार अशी जायची आणि सुदामचा आठवडा त्या दुपारीवर उभा असायचा.

मग बँकेत बदली होऊन मिथुन डहाणूला आला. तिशीचा, एकटा, बोलायला गोड. नविनभाई हयातीचा दाखला द्यायला गेले आणि बोलता बोलता कळलं, यालाही छोट्या गाड्यांचा नाद. झालं! पहिल्या रविवारी तो नुसता बघत उभा राहिला. दुसऱ्या रविवारी नविनभाई त्याला 'बेटा' म्हणाले. आणि परवा जिन्यात नविनभाईंच्या पत्नी संगितावहिनी सहज बोलून गेल्या, "मिथुन बुधवारी आलेला ना, तेव्हा बोंबलाची चटणी त्याला एवढी आवडली!"

"बुधवारी?" सुदामने विचारलं.

"हो, जेवूनच गेला."

एवढ्या वर्षांत सुदामला बुधवारी कुणी बोलावलं नव्हतं. घरी येऊन त्याने अर्धी भाकरी ताटात ठेवली तेव्हा बायकोने, सुषमाने, ओळखलंच.

"काय पोटात दुखतंय तुमच्या?" ती म्हणाली. "तो पोरगा मास्तरांना पळवून नाय नेत. नव्याचे नऊ दिवस असतात."

"मला काय करायचंय," सुदाम म्हणाला आणि रात्रभर कूस बदलत राहिला. खरं तर त्याला पुष्कळ काही करायचं होतं. काय, ते त्याला आजवर कळलं नव्हतं.

टेबलाखालून बाहेर येऊन तो गुडघे झटकत उभा राहिला. मिथुनने खोक्यातून आपलं इंजिन काढलं होतं. तपकिरी रंगाचं, आरशासारखं लखलखीत, खिडक्यांच्या कडासुद्धा हाताने रंगवलेल्या.

"आता सगळे खटके डावीकडे टाका काका," मिथुन म्हणाला, "डावीकडे आता यांच्या कंट्रोलरऐवजी माझा डबा आहे, त्याची वीज सगळ्या रुळात जाईल. पण एकही उजवीकडे राहायला नको हां. त्या फटीवर दोन वेगळ्या विजा एकत्र आल्या की इंजिनातलं कार्ड जागच्या जागी जळेल. तुमचा जुना कंट्रोलर काढूनच ठेवू या का?"

"राहू दे साहेब," सुदाम म्हणाला. "खटका डावीकडे गेला की त्याचा संबंधच तुटतो."

हे खरंच होतं. त्याने एकेक खटका डावीकडे टाकायला घेतला. यार्ड, खाडीवरचा पूल, चिकूवाडी, तलासरीचे दोन फलाट. घाटाच्या खटक्यावर त्याचं बोट आलं आणि तिथेच राहिलं. टेबलाच्या त्या टोकाला नविनभाई मिथुनच्या खांद्यावर हात ठेवून मोबाइलमध्ये डोकावत होते. त्या हाताकडे बघून सुदामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने बोट उचललं. खटका उजवीकडेच राहिला, आणि जुना कंट्रोलर चालू होता.

तो खुर्चीत बसला. हात त्याने मांडीखाली दाबून धरले.

नविनभाईंनी पडद्यावर बोट सरकवलं आणि इंजिनाचा दिवा लागला. शिट्टी वाजली. मग ते निघालं, आणि सुदामला मनातल्या मनात कबूल करावं लागलं की सुंदर निघालं. त्यांची जुनी गाडी निघताना मानेला झटका बसल्यासारखी हले. हे इंजिन झोपेतल्या मुलाला उचलावं तसं डबे घेऊन हललं. नविनभाईंचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"बेटा," ते म्हणाले, "ही तर खरीच गाडी रे!"

घे, खरी गाडी, सुदाम मनात म्हणाला. इंजिन यार्डातून बाहेर पडलं, पुलावरून गेलं, वाडीतल्या झाडांआडून वळलं. यंत्रच ते, यंत्रं जळतात कधीकधी. मिथुन हळहळेल, डबा गुंडाळून नेईल, नविनभाई दोन दिवस हळहळतील. मग पुन्हा दोन खुर्च्या आणि मध्ये टेबल. खटका राहून गेला, म्हातारा माणूस, चूक झाली म्हणायचं. कोण काय बोलणार होतं? इंजिन घाटाच्या तोंडाशी आलं.

फटीच्या अलीकडे ते थांबलं.

जळालं नव्हतं. दिवा तसाच लागलेला होता. नविनभाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला, हात लांब केला आणि बटण दाबलं. टण्.

मिथुन हसला. "काका, त्याची गरज नाही आता. सगळा रूळ तुमच्याच हातात आहे. न्या सरळ."

"गरज नाही ते कळलं रे," नविनभाई म्हणाले. "पण पुढे सुदामची हद्द आहे. त्याने दिल्याशिवाय कशी नेऊ?"

ते मिथुनकडे बघत नव्हते. टेबलाच्या पलीकडे, सुदामकडे बघत होते. घाई नाही, राग नाही, पलीकडचा माणूस उत्तर देणारच आहे अशा खात्रीने.

सुदामचे कान तापले. गप्प बसून जळू देणं त्याला जमलं असतं, जमतच होतं. पण आता त्याला विचारलं गेलं होतं. आता घंटी द्यायची म्हणजे 'ये' म्हणायचं, आणि 'ये' म्हणून बोलावून जाळायचं. असलं पाप नोकरीतल्या वैऱ्याशीसुद्धा त्याने केलं नव्हतं. मांडीखालचे हात त्याला सुटत नव्हते. मिथुनने एकदा त्याच्याकडे, एकदा नविनभाईंकडे पाहिलं.

सुदामने हात काढला. अंगठ्याने घाटाचा खटका डावीकडे टाकला. शांत खोलीत तो आवाज फार मोठा वाटला. मग त्याने घंटी दिली.

गाडी घाटातून वर गेली, वळणावर दिवा फिरला, आणि तलासरीच्या फलाटावर सुदामच्या पोटासमोर येऊन ती अलगद उभी राहिली. मिथुनने टाळ्या वाजवल्या. संगितावहिनी गवती चहाचे कप ठेवून गेल्या. नविनभाईंनी बशीत चहा ओतला.

"उशीर लागला रे लाइन क्लिअरला," ते म्हणाले.

"खटका घट्ट झालाय."

"घाटाचाच ना?"

"घाटाचाच."

"मला वाटलंच." त्यांनी बशी तोंडाला लावली. सुदामने त्यांचा चेहरा शोधला, पण तो बशीमागे होता, आणि बशी खाली आली तेव्हा त्यावर चहा प्यायल्याच्या समाधानापलीकडे काही नव्हतं.

मिथुन खुर्ची ओढून सुदामच्या शेजारी आला. "काका, मलापण एखादं स्टेशन द्या ना. घंटी देता येईल असं."

सुदामच्या पोटातली कळ काही गेली नव्हती. ती होतीच, नुसती कूस बदलून बसली होती.

"तलासरी मिळणार नाही."

"तलासरी नकोच. मधलं एखादं."

सुदामने नविनभाईंकडे पाहिलं. ते रिकाम्या कपात बघत बसले होते, जणू हा निर्णय त्यांच्या खात्यातला नव्हता.

"वाटेतलं कैनाड करू," सुदाम शेवटी म्हणाला. "छोटं. तारा मी ओढीन."

"दोन पुरतील, काका."

"जास्त लागतील."

मिथुनने मान डोलावली. मग कौतुकाने त्याने सुदामच्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. खोलीभर घणघणाट झाला. पलीकडे नविनभाई दचकून सरळ बसले.

"अरे, अशी नाही!" सुदामने त्याचा हात धरून बाजूला केला. 'साहेब' सुटून पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'अरे' निघालं होतं. "एकदाच दाब, आणि थांब. पलीकडे माणूस बसलेला असतो."