पान चव्वेचाळीस

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही दहा वर्षांचे आहात, शाळेला सुट्टी लागली आहे आणि तुमची आई सोलापुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. सकाळचे अकरा वाजलेत, तरी ऊन भाजून काढतंय. समोरच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे. आता दाराची काच फुटल्याचा आवाज ऐका.

आईच्या ग्रंथालयात जेवायला बसलेल्या सिद्धेश्वरीने तो ऐकला तेव्हा तिचा घास हातातच राहिला. फुटलेल्या काचेतून आधी हॉकीस्टिक आत आली, मग दोन तरुण आणि त्यांच्यामागून प्राध्यापक अनिलकुमार.

ते का आले, हे आधी समजून घेऊ. सिद्धेश्वरीची आई महेश्वरी शोधनिबंध लिहायची. एखादी गोष्ट शोधायची, तपासायची आणि सगळ्यांना वाचता येईल अशी छापायची, म्हणजे शोधनिबंध. पुढे कुणी आपल्या लेखाखाली लिहिलं, ‘हे मला महेश्वरीबाईंच्या निबंधातून कळलं’, की त्या निबंधाला एक संदर्भ मिळाला म्हणायचं. तिच्या पहिल्या सात निबंधांना मिळून चार संदर्भ मिळाले होते. आठव्याला दोन वर्षांत त्रेसष्ट!

आठव्यात काय होतं? हातमागाच्या सुताला रंग कसा देत, यावरचा एका मासिकाचा १९६१चा अंक होता. त्याची एकच प्रत उरली होती, ती याच ग्रंथालयात, आणि तिची ४१ ते ४८ ही पानं फार पूर्वीच वाळवीने खाल्ली होती. तरीही अनिलकुमारांच्या हाताखाली अकरा जणांनी प्रबंध लिहिले आणि अकराही जणांनी पान ४४वरचं एकच वाक्य उतरवलं. नसलेल्या पानावरचं! एकाने रचलं, बाकीच्यांनी न बघता उचललं. महेश्वरीने तेवढंच दाखवून दिलं. विद्यापीठाच्या समितीने ते वाचलं आणि अनिलकुमारांची बढती अडकली.

“निबंध मागे घेते म्हणून सही कर,” त्यांनी कागद टेबलावर आपटला.

“पान चव्वेचाळीस आणून दाखवा सर. लगेच करते.”

त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. चष्मा भिंतीवर जाऊन फुटला. हॉकीस्टिक कॉम्प्युटरच्या पडद्यात घुसली.

“बाईमाणसावर हात टाकताय व्हय सर?” शिपाई रुद्रप्पा मध्ये पडला. दुसरा फटका त्याच्या खांद्यावर बसला आणि तो कपाटाशी कोसळला.

“अंक कुठाय?”

महेश्वरीने नकारार्थी मान हलवली. अनिलकुमारांनी तिचा उजवा हात कार्डांच्या जुन्या लाकडी ड्रॉवरमध्ये कोंबला आणि ड्रॉवरवर लाथ घातली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

“अव्वा!” सिद्धेश्वरी आईकडे धावत किंचाळली.

“पोरी, तुला ठाऊक असणार. अंक दे, नाहीतर आता डावा हात.”

“देऊ नको, सिद्धी,” आई कशीबशी म्हणाली. लाकडावरून रक्त ठिबकत होतं.

सिद्धेश्वरीने आईच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग ती आतल्या कपाटाकडे गेली आणि अंक घेऊन आली. तुम्हीही तेच केलं असतं, बाळांनो, आणि त्यात तुमचं काही चुकलं नसतं.

अनिलकुमारांनी तो पत्र्याच्या कचरापेटीत टाकून पेटवला. जुना कागद भसकन जळला.

“आता सांग, कुठली पानं नव्हती? त्रेसष्ट जण म्हणे! राखेचा संदर्भ द्या म्हणावं.”

धूर पाहून प्राचार्य धावत वर आले. दोघे तरुण हॉकीस्टिक घेऊन पसार झाले होते आणि अनिलकुमार रुमालाने हात पुसत होते.

“शॉर्टसर्किट झालं सर. गडबडीत बाईंचा हात ड्रॉवरमध्ये सापडला.”

“खरं का रे, रुद्रप्पा?”

रुद्रप्पाची नेमणूक वर्षा-वर्षाची. त्याने फरशीकडे पाहिलं. “मला चक्कर आल्ती साहेब. काय दिसलं न्हाय.”

महेश्वरी शुद्ध हरपून खुर्चीत कलंडली होती. आता अनिलकुमार म्हणतील तेच खरं ठरणार होतं, आणि तिचा आठवा निबंध खोटा.

ग्रंथालयात एक जाडजूड दाखल रजिस्टर असतं. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला त्यात क्रमांक मिळतो. पुस्तक फाटलं, हरवलं, गेलं, तर ते कसं, हे शेवटच्या रकान्यात लिहावंच लागतं. त्याला शेरा म्हणतात. महेश्वरीने शेरा लिहिल्याशिवाय एकही पुस्तक कधी कमी केलं नव्हतं.

सिद्धेश्वरीने ते रजिस्टर टेबलाखालून ओढून काढलं. क्रमांक २३१७. शेऱ्यात कुणा जुन्या ग्रंथपालाचं निळ्या शाईतलं अक्षर होतं : ‘पाने ४१ ते ४८ वाळवीने नष्ट. १२ जुलै १९९१.’

“ए, ठेव ते खाली!” अनिलकुमार पुढे झाले.

तिने मान वर केली नाही. टेबलावरचं पेन उचलून तिने त्या ओळीखाली लिहिलं : ‘अंक जाळला. प्रा. अनिलकुमार यांनी. अव्वाची बोटं मोडली, तीही त्यांनीच. मी पाहिलं.’ खाली तारीख घातली, आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि रजिस्टर फिरवून प्राचार्यांच्या पुढे सरकवलं.