भुऱ्याची लाळ

ऋजुताच्या भुऱ्या कुत्र्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबू लागली. तिनं पाण्याचं भांडं पुढे केलं की तो मागे सरकायचा, पंजानं जबडा ओरबाडायचा.

"ताई, ये तो पागल हो गया!" शेजारी गेटबाहेरूनच ओरडला.

सकाळीच भुऱ्याचा दात तिच्या बोटाला लागला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी हातमोजे घालून जबडा उघडला. वरच्या दाढांच्या मधोमध, टाळूला आडवी, कुल्फीची काडी रुतून बसली होती. ती निघताच भुऱ्या घटाघट पाणी प्यायला.

"काडी कोणी दिली?"

"मीच, मेलीनं. लाडानं चाटायला दिली."

"बोटाला दात लागलेला दिसतोय, तुमचं रेबीजचं इंजेक्शन मात्र आजच घ्या."

भुऱ्या शेपूट हलवत तिचा हात चाटायला आला. तिनं हात ओढणीत लपवला.