औषध खाणाऱ्या जंतूंची साफसफाई

पिकावर मारायच्या विषाला आमच्या मुखेडकडं औषध म्हणत्यात. त्या औषधाचे पंप लोक ओढ्यात धुवायचे, अन् तेच पाणी पिऊन माझी पहिली म्हैस मेली. दुसरी आता गाभण हाय. म्हणून सरपंच शेषेरावाच्या मागं लागून मी ओढ्याच्या वरल्या अंगाला खड्डा करून घेतला.

कृषी कॉलेजच्या तनुजाताईनं त्यात माती, भुसा अन् शेणखत भरायला लावलं. "मावशी, पंप इथंच धुवा. मातीतले जंतू औषध खाऊन टाकतात, मग खाली झिरपतं ते पाणी बरं असतं. फक्त त्यांना जपा," म्हणाली. जंतूंनी बी पावसाळाभर मुकाट्यानं औषध खाल्लं. गावातली माणसं इतक्या इमानानं काम करत न्हाईत.

मग नांदेडहून साहेब खड्डा बघायला येणार असं ठरलं. शेषेराव म्हणजे उंटावरचा शहाणा. साहेब यायचे म्हणजे रस्त्याला चुन्याच्या रेघा अन् गटारीला पावडर, ही आमची रीत. त्यानं खड्ड्यात बी पावडर टाकली, वरून फिनेल ओतलं.

"हे काय करून राहिलात, दादा?" मी इचारलं.

"तुझी तनुजा मॅडमच म्हणली ना, यात जंतू हायेत. साहेबाला काय जंतू दाखवू?"

आता ह्याला काय सांगावं. खाणारे सगळे मेले, पंप धुणं मात्र चालूच. विष सरळ ओढ्यात.

साहेब आले, फिनेलचा वास घेऊन खूश झाले. म्हणाले, "खालच्या ओढ्यात एखादं जनावर पाणी पिताना फोटो घेऊ."

"जगदेवी, तुझी म्हैस आण," शेषेराव म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आणते की. पर आधी सरपंचांनी घोटभर प्यावं, मान त्यांचा."

"आज माझी निर्जळी एकादशी हाय." दुपारी साहेबासंगं कोंबडी हाणलेली, तिचा रस्सा मिशीला तसाच.

साहेबांनी बाटलीतलं पाणी पिलं अन् नुसत्या खड्ड्याचा फोटो काढला. शेषेरावाला नांदेडात शाल अन् नारळ मिळाला.

मी खड्ड्यात पुन्हा माती-शेण भरून राहिले. जंतू वाढायला वेळ लागंल, तवर म्हैस हापशावर नेते. काल तिथं बघते तर म्होरं सरपंचाची बायको सिंधू, आपल्या दोन्ही म्हशी घेऊन उभी. मला बघताच तिनं पदर तोंडावर ओढला अन् हापसत राहिली.